जेसीबीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या ओहोळात तुम्ही जे काम केलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. तुमचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. "कुठं टाकू नका, मालक ओरडेल," असं तुम्हीच म्हणाला होतात.

26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईतल्या नद्यानाल्यांना भराभर भिंती चढल्या. काही ठिकाणी तळालाही सिमेंट आलं. पाणी लवकर समुद्राला मिळावं म्हणून केलं, त्याला आमची ना नाही. पण सपाट तळावर वीतभर पसरलेलं पाणी उन्हात तापतं आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. माशांना लीटरमागे निदान 4 मिलिग्रॅम तरी हवा. तशात डोह नाही, कपार नाही. अंडी घालायची कुठं?

दहिसर नदीला मिळणाऱ्या आमच्या ओहोळातला राडारोडा काढायचा होता, तेव्हा कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "ओहोळ सरळ करून टाका, बिल तेवढंच." तुम्ही मशीन बंद केलंत, पँट दुमडून पाण्यात उतरलात आणि विचारलंत, "मे महिन्यात पाणी कुठं थांबतं?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

उंबराच्या मुळांपाशी तुम्ही बकेट नेलीच नाही, तिथला गाळ फावड्यानं काढायला लावलात. तो मोठा काळा दगड बकेटच्या दातांवर तोलून प्रवाहात तिरका बसवलात. एकदा कलंडला, तर पुन्हा उचललात. त्याच्या खाली कमरेइतकं खोल करून घेतलंत. "जव्हारला आमच्याकडं पहिल्या पावसात अंडी घालायला वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. उडी मारायला खाली खोल पाणी लागतं त्यांना," एवढंच बोललात आणि तंबाखू मळत बसलात.

जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात त्या दगडावरून बोटाएवढे मळे, म्हणजे ओढ्यातले छोटे मासे, चढताना आम्ही पाहिले. गप्पी नव्हेत हं! गप्पी काय, गटारातही जगतात. कपारीत खेकडेही दिसू लागलेत. वरून येणारं तबेल्यांचं शेण आणि सांडपाणी मात्र चालूच आहे. ते काही बकेटनं सुटणारं काम नाही, त्यासाठी अर्ज-विनंत्या सुरू आहेत.

पुढच्या नालेसफाईत कुणी तो डोह बुजवू नये म्हणून काठावरच्या दगडांना लाल रंग मारून ठेवलाय. जमलं तर तुम्हीच या. जेवण आमच्याकडे, आणि तुमच्या मालकाशी आम्ही बोलतो.

आपले,
ओहोळाकाठचे रहिवासी, बोरिवली पूर्व