बाबा, डिझेल गाडी बुक करायच्या आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. बाबा फोनवर म्हणालात ना की नवीन गाडी बघतोय आणि घेईन तर डिझेलच, ॲव्हरेज चांगलं मिळतं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहून पाठवतेय. माझं मत आधीच सांगते, तुम्ही दोघांनी पेट्रोल घ्यावी, बजेटमधे बसलं तर पेट्रोल हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. पण नुसतं लेक म्हणते म्हणून ऐकू नका, कारणं वाचा आणि मग ठरवा.

ॲव्हरेजचं म्हणाल तर बाबा तुमचं अगदी बरोबर आहे. एक लिटर डिझेलमधे एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्तच असते, वर डिझेल इंजिन हवेला इतकं दाबतं की ती हवाच तापते आणि डिझेल फवारलं की आपोआप पेटतं, स्पार्क प्लग लागतच नाही, आणि जास्त दाबामुळे त्याच इंधनातून जास्त काम निघतं. तुम्हाला आवडते ती चढावरची ओढ, कमी आरपीएमला गाडी न कुरकुरता वर चढते ती, तीसुद्धा खरी आहे. मर्सिडीज-बेंझने 1936 मधे 260 डी ही डिझेल कार आणली तेव्हा ती टॅक्सीवाल्यांमधे लोकप्रिय झाली, आणि मला वाटतं यातच सगळं आलं, ज्याची गाडी दिवसभर पळते त्याला डिझेल परवडतं.

आता तुमची गाडी किती पळते ते बघू. दवाखाना, भाजी, बँक, कधीतरी मावशीकडे, म्हणजे वर्षाचे जेमतेम सहा हजार किलोमीटर होत असतील. समजा पेट्रोल गाडी लिटरला 15 देते आणि तीच गाडी डिझेलमधे 20 देते. हजार किलोमीटरला पेट्रोल लागेल 67 लिटरच्या आसपास आणि डिझेल 50 लिटर, म्हणजे दोन्हीचा भाव सारखा धरला तर हजार किलोमीटरमागे सतराएक लिटरचे पैसे वाचले. पण डिझेल मॉडेल मुळातच महाग असतं. तो जास्तीचा पैसा समजा 2000 लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा असेल, तर तो वसूल व्हायला 1 लाख 20 हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. तुमच्या हिशोबाने वीस वर्षं! दादाचं वर्षाला तीस हजार होतं, त्याचे तेच पैसे चार वर्षांत निघतात, म्हणून त्याने डिझेल घेतली ते योग्यच केलं आणि त्याला मी काही बोलले नाही. तुम्ही शोरूमला जाल तेव्हा दोन्ही मॉडेलच्या किमतीतला खरा फरक विचारा आणि त्याला तुमच्याकडच्या पेट्रोलच्या भावाने भागा, म्हणजे किती लिटर ते कळेल, पुढचा हिशोब हाच.

आणि भावाचं काय सांगावं. डिझेल स्वस्त असतं हे आपण धरून चालतो, पण पंपावरच्या भावात टॅक्सचा वाटा मोठा असतो आणि तो सरकारच्या हातात, आज डिझेलवर कमी आहे म्हणून उद्या तसाच राहील असं नाही. शिवाय ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, जहाजं, सगळ्यांना डिझेलच लागतं, त्यामुळे मागणी वाढली की ते भडकतं. 2022 मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोपात रशियाकडून येणाऱ्या डिझेलची पंचाईत झाली, तेव्हा बऱ्याच देशांत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं जात होतं. वरच्या 15 आणि 20 च्या हिशोबात डिझेल पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश महाग झालं की इंधनातली बचत शून्य होते, मग गाडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे परत यायचा प्रश्नच नाही.

पण बाबा, पैशांचं एकवेळ सोडून देऊ, मला खरी काळजी वेगळीच आहे. हल्लीच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधे काजळी पकडणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. तो भरत आला की गाडी स्वतःच ती काजळी जाळते, पण त्यासाठी फिल्टर साधारण 600 डिग्रीपर्यंत तापावा लागतो आणि बराच वेळ तसा राहावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगल्या स्पीडने सलग पळायला हवी. तुमचं म्हणजे गाडी काढली, दहा मिनिटांत दवाखाना आला, बंद केली. इंजिन अजून धड तापलेलंही नसतं. फिल्टर साफ व्हायला सुरुवात होते आणि मधेच थांबते, असं परत परत झालं की डॅशबोर्डवर लाईट लागते, मग गाडीची ताकद कमी होते, आणि शेवटी वर्कशॉपमधे नेऊन साफ करा नाहीतर फिल्टरच बदला, जे अजिबात स्वस्त नाही. अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती काजळी जाळायला कित्येक गाड्या जास्तीचं डिझेल फवारतात, आणि ते काम अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑईलमधे उतरतं. ऑईल पातळ होतं, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते आणि माणसाला वाटतं ऑईल भरपूर आहे, आतून मात्र इंजिनची झीज चालू. तुम्ही तुमची जुनी डिझेल इतकी वर्षं काही त्रास न होता वापरलीत, मान्य आहे, पण त्या गाडीत हा फिल्टरच नव्हता. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना धुरातला नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी करायला युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं ते अजून निराळं, ते संपलं तर गाडी परत चालूच होत नाही. तुम्ही दोघंच असताना असं काही झालेलं मला नकोय.

आई, हे तुझ्यासाठी. तुला धुराने खोकला येतो. डिझेलच्या धुरामुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2012 मधेच जाहीर केलंय. 2015 मधे फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते बाबांना आठवत असेल, टेस्ट चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं, रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या त्यात. आताच्या डिझेल खूप सुधारल्यात हे मी नाकारत नाही, पण ती सुधारणा याच फिल्टर आणि युरियावर उभी आहे, आणि तुमच्या वापरात नेमकं तेच नीट चालणार नाही. कार्बन डायऑक्साइडमधे डिझेल थोडी बरी, पण ॲव्हरेजवरून वाटतं तेवढी नाही, कारण एक लिटर डिझेल जळलं की 2.6 किलोच्या वर निघतो आणि पेट्रोलचा 2.3 किलो.

हायब्रिडचं म्हणते ते याचसाठी. ब्रेक मारल्यावर वाया जाणारी ताकद ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलला, ट्रॅफिकमधे मोटरवर चालते, म्हणजे शहरात जिथे साध्या गाडीचं ॲव्हरेज पडतं तिथेच हिचं चांगलं येतं. टोयोटाची प्रियस 1997 पासून आहे, तेव्हा हे काही कालचं तंत्रज्ञान नाही. प्लग लावून चार्ज करायचीही भानगड नाही. फक्त माइल्ड हायब्रिड म्हणून विकतात तिला भुलू नका, ती नुसत्या मोटरवर पळत नाही, बचत थोडीच होते. फुल हायब्रिड महाग पडत असेल तर साधी पेट्रोल, टर्बो नसलेली, ऑटोमॅटिक, तुम्हाला पुरे. पूर्ण इलेक्ट्रिक मला आवडली असती पण तुमच्या पार्किंगमधे चार्जिंगची सोय होईपर्यंत नको.

तर बाबा, टोकन द्यायची घाई करू नका. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर दर वेळचं किलोमीटरचं रीडिंग लिहिलेलं असतं, शेवटच्या दोन-तीन बिलांचे फोटो मला पाठवा, मी तुमचा खरा वापर काढून देते. तो पंधरा-वीस हजारांच्या घरात निघाला तर डिझेलचा विचार परत करू, मी अडून बसणार नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊनच जा, सीट किती उंच आहे, तिला गुडघे न दुखता चढता-उतरता येतंय का, ते तिथेच दोन-तीनदा करून बघा.

तुमची,
मनू