बालगृहातल्या मुलांचे फोटो छापणं थांबवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपंधरवडा संपला. आता दसरा, दिवाळी, मग चौदा नोव्हेंबरचा बालदिन आणि डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. म्हणजे बालगृहांना भेटी देण्याचा हंगाम आला. आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर आता तो फोटो पुन्हा पुन्हा दिसेल. मध्यभागी शाल पांघरलेले पाहुणे, त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्यकर्ते आणि पुढे जमिनीवर बसलेली मुलं, हातात वह्या नाहीतर केळी. खाली पाहुण्यांची नावं पदांसह. असे फोटो छापू नयेत, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र.

त्या पुढच्या रांगेत मीही बसलेलो आहे. दुसरीत असल्यापासून आयटीआयला जाईपर्यंत मी बेळगावातल्या एका बालगृहात वाढलो. आता उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो. आम्हाला उपाशी ठेवलं, मारलं असलं काही मला सांगायचं नाही. आमच्या वॉर्डनला सगळे अक्का म्हणत आणि त्या होत्याही तशाच. त्रास दुसरीकडून होता. पितृपक्षात एकाच दिवशी दोन घरची खीर-पुरी यायची आणि संध्याकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. पाहुण्यांना उशीर झाला तर वाढलेल्या ताटाला दुपारी तीनपर्यंत हात लावायचा नाही, कारण आधी फोटो व्हायचा असे. दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तरी ओळीत बसून स्वागतगीत म्हणायचं. आणि जूनमध्ये, शाळेचे बूट फाटलेले आणि गाईड घ्यायला पैसे नाहीत अशा वेळी, दारात कोणी फिरकायचं नाही. जूनमध्ये पितर जेवत नाहीत.

सहावीत असताना असाच एक फोटो एका पेपरात आला. वर्गातल्या एकानं तो कापून आणला. तोवर मी वर्गात चारचौघांसारखा होतो. त्या दिवसापासून ‘तू आश्रमातला न्हवं?’ सुरू झालं ते शाळा सुटेपर्यंत. पण खरा घाव गावाकडे बसला. निपाणीजवळच्या आमच्या गावातही तो पेपर जायचा. वडील गेल्यावर आई विड्या वळून दोघा भावांचं भागवू शकेना, म्हणून थोरल्याला, म्हणजे मला, बालगृहात ठेवलं होतं. गावात मात्र तिनं सांगितलं होतं की पोरगा बेळगावात मामाकडे शिकतोय. फोटोखाली ‘अनाथ मुलांना अन्नदान’ असं छापलेलं. जिवंत बाईच्या मुलाला अनाथ म्हणून अख्ख्या गावानं पाहिलं. त्या मे महिन्यात तिनं मला सुट्टीला गावी नेलं नाही.

आमच्या खोलीत आई-बाप दोघंही नसलेली मुलं फार थोडी होती. कोणाची आई गोव्यात घरकामाला, कोणाचा बाप ऊसतोडीवर, एकाचा हिंडलग्याच्या तुरुंगात. बालगृहात मूल येतं ते बहुतेक वेळा घरात कोणी नाही म्हणून नव्हे, तर घर चालत नाही म्हणून. फोटोत हे दिसत नाही. फोटोत सगळी सारखीच दिसतात.

आता कायद्याचं. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आपल्या कार्यालयात कोणीतरी वाचलेलं असणारच. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र छापायला त्यात मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बालगृहात ठेवलेलं मूल म्हणजे हेच मूल. बलात्काराच्या बातमीत आपण नाव छापत नाही, ते बरोबरच आहे. मग वह्यावाटपाच्या बातमीत हा विसर कसा पडतो?

हे सगळं आज लिहायचं कारण घरचं आहे. बायकोनं आणि मी मूल दत्तक घेण्यासाठी ‘कारा’च्या, म्हणजे देशातल्या दत्तकविधानाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नाव नोंदवलंय. नातेवाइकांपैकी निम्म्यांचा सल्ला एकच : ‘आश्रमात तुझी ओळख आहे की, तिथलंच एखादं घेऊन ये.’ हा समज अशा फोटोंनीच पोसलाय, की ओळीत मुलं बसलेली असतात आणि आवडेल ते उचलायचं. तसं नसतं. बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी मोकळं असल्याचं जाहीर केल्याशिवाय ते कोणालाच देता येत नाही, आणि आई भेटायला येणारं मूल सहसा मोकळं नसतंच. आपण आधी नोंदणी करायची, समाजसेविका घरी येऊन चौकशी करून अहवाल देते, मग क्रमानं मूल सुचवलं जातं. शेवटचा आदेश पूर्वी कोर्टातून यायचा, १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. ओळखीनं, दवाखान्यातून परस्पर बाळ घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि रांगेत उभी असलेली जोडपी त्याच्या कितीतरी पट आहेत. बहुतेकांना दोन वर्षांखालचं बाळ हवं असतं, त्यासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. मोठ्या वयाच्या मुलांना मात्र विचारणारं कोणी नसतं. आम्ही सहा ते आठ हा वयोगट निवडलाय. त्या वयाच्या मुलाला काय काय आठवत असतं ते मला ठाऊक आहे.

‘कोणाचं रक्त, कोण जाणे’ हेही ऐकून झालं. हे बोलणारी मंडळी दर ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाला न चुकता जातात. कित्तूरच्या चन्नम्माराणीची इंग्रजांशी झालेली १८२४ ची ती लढाई कशावरून पेटली? दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाचा वारसा कंपनी सरकारनं नाकारला, त्यावरून. चन्नम्माराणीचा पुतळा चालतो, दत्तक मूल चालत नाही.

तर माझी काळजी अशी. आमच्या घरी येणारं मूल आज कुठल्या तरी बालगृहात आहे आणि या दिवाळीत त्याच्याही हातात कोणीतरी फराळाचा पुडा देऊन फोटो काढेल. आमच्या वेळी पेपर रद्दीत जायचा. आता तोच फोटो आपल्या ई-पेपरवर, पाहुण्यांच्या फेसबुकवर, वॉर्डातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर राहतो. मी कुठून आलो हे कोणाला, कधी आणि किती सांगायचं, हे त्या मुलानं मोठं झाल्यावर ठरवायचंय. त्याच्या वतीनं कोणा नगरसेवकानं आत्ताच ठरवून टाकू नये.

दान देऊ नका असं मी म्हणत नाही. दात्याचा एकट्याचा फोटो हवा तेवढा मोठा छापा. त्या जागेत उरलेल्या ओळींत एक माहितीही छापता येईल : मिशन वात्सल्य योजनेत विधवा, परित्यक्ता आईला मूल स्वतःजवळच ठेवता यावं म्हणून मुलामागे महिना ४,००० रुपये मिळू शकतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. खानापूर, निपाणी, चंदगडच्या हद्दीवरच्या गावांत किती आयांना हे माहीत आहे? माझ्या आईच्या वेळी असं काही तिच्या कानावर आलं असतं, तर मी बेळगावला आलोच नसतो. आणि कोणाला वाढदिवस साजरा करायचाच असेल, तर अठरा पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाच्या खोलीचं डिपॉझिट भरावं. ‘गाव कुठलं, आई-वडील काय करतात’ या प्रश्नांवर अडणाऱ्या घरमालकाशी त्याच्या वतीनं दोन शब्द बोलावेत. आमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली काही वर्षं या दोन गोष्टींवाचून अडली.

बालदिनाचे फोटो आपल्या कार्यालयात येऊ लागण्याआधी हे पत्र छापलंत तर बरं होईल. वार्ताहरांनाही तशी सूचना द्यावी.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव

(कृपया नाव छापू नये. कारखान्यातल्या सगळ्यांना मी कुठं वाढलो ते माहीत नाही.)