‘वॉटरप्रूफ’ गाडीची बेअरिंग्ज का गंजतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी संपली की रिमोटवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्तीला येऊ लागतात. ‘परवापर्यंत धावत होती, आज जागची हलत नाही’ ही बहुतेकांची तक्रार. गाडी खोलली की मोटर शाबूत असते, सर्किटही चालू असते. पण चाकांतली बेअरिंग्ज गंजून आवळलेली असतात आणि गिअरच्या झाकणात चमचाभर वाळू निघते. टेकडीवर, नदीकाठी, शेताच्या बांधावर गाडी चालवण्यात काहीच गैर नाही, ती त्यासाठीच बनवलेली असते. नुकसान होते ते पुढच्या दोन-तीन दिवसांत. एक तर ती चिखलासकट माळ्यावर जाते, नाहीतर नळाखाली धरून ओलीच ठेवली जाते. सोबतची माहितीपत्रके बहुधा इंग्रजीत असतात आणि ती घरात कुणी वाचत नाही. म्हणून हे पत्र. ते प्रामुख्याने १/१० आकाराच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या), बॅटरीवर चालणाऱ्या आणि सुटे भाग मिळणाऱ्या गाड्यांबद्दल आहे.

आधी ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाविषयी. खोक्यावरचा हा शब्द रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग), स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारा) आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) एवढ्यांपुरताच असतो. १९७९ साली जपानच्या टामिया कंपनीने ‘सँड स्कॉर्चर’ ही वाळूत चालणारी गाडी काढली, तेव्हाही रेडिओची यंत्रणा बंद पेटीत ठेवलेली होती. चाके आणि सस्पेन्शन मात्र उघड्यावर. आजही रचना तीच. बेअरिंग्ज, धुऱ्यातल्या पिना, स्क्रू, मोटरचा दांडा हे सगळे पोलादाचे, आणि पाण्यापासून त्यांना कुणी वाचवलेले नसते. पाणी किती अडते हे सांगणाऱ्या खुणांपैकी आयपीएक्स४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्यातल्या आहेत. समुद्राच्या पाण्याला यातले काहीच लागू होत नाही.

मैदानावरच करायचे पहिले काम म्हणजे बॅटरी काढणे. आधी गाडीचे बटण बंद, मग रिमोट बंद, मग बॅटरीचा प्लग सुटा. सुरू करताना नेमके उलटे: आधी रिमोट, मग गाडी. बटण बंद असले तरी अनेक स्पीड कंट्रोलर बॅटरीतून थोडा थोडा प्रवाह ओढत राहतात. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या आतला एक सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की ती फुगू लागते, आणि आठवडाभर गाडीत विसरलेल्या बॅटरीचे हेच होते.

मोटर गरम असताना तिच्यावर पाणी टाकू नये. गरम डब्यातली हवा एकदम आकसते आणि पाणी बेअरिंगच्या फटीतून आत ओढले जाते. मोटरवर बोट पाच सेकंद ठेवता येत नसेल तर ती अजून गरम आहे असे समजावे आणि वीस मिनिटे थांबावे.

आता माती. सगळी माती सारख्या पद्धतीने निघत नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ बारीक असते, ती कोरडीच झटकावी. ओली केली की फटींत शिरून बसते. देशावरच्या काळ्या मातीचे जाड ढेकूळ ओले असतानाच लाकडी काडीने काढावे, उरलेला पातळ थर मात्र पूर्ण वाळू द्यावा. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि चाके धरणाऱ्या प्लास्टिकच्या आर्मवरून तिचे पापुद्रे ब्रशने सहज सुटतात. अर्धवट ओली असताना घासली तर ती फक्त पसरते. किनाऱ्यावरच्या वाळूला थांबणे परवडत नाही, कारण तिच्यात मीठ असते. गाडी शक्यतो तिथेच, दोन लिटर गोड्या पाण्याने, दाब न देता धुवून घ्यावी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी रेती असते तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. त्या रेतीतले लोहयुक्त कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात. मोटरच्या डब्याला हवेची भोके असतील तर ते आत जातात आणि ब्रशने कधीच निघत नाहीत. अशा ठिकाणी बंद डब्याचीच मोटर वापरावी.

कोरड्या सफाईला एक इंची रंगाचा ब्रश आणि जुना टूथब्रश पुरतो. बॉडी काढावी, गाडी उलटी धरून हलवावी आणि वरून खाली झाडत यावे. कचरा दडण्याच्या जागा ठरलेल्या: मोटरच्या खाली, स्पर गिअरच्या (मोटरवर फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राच्या) झाकणात, सर्व्होच्या दांडीमागे आणि चाकाच्या आतल्या बाजूला. झाकण न काढता सफाई झाली असे मानू नये. हरभऱ्याएवढा एक खडा पिनिअन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चक्र) आणि स्पर गिअरच्या मध्ये सापडला की प्लास्टिकचे चार-पाच दात एका झटक्यात जातात. धुऱ्यावर गुंडाळलेले गवत आणि केस चिमट्याने ओढून काढावेत. ते बेअरिंगच्या रबरी सीलखाली शिरतात आणि मग धुळीला वाट मिळते.

हवा मारायची तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालतो, पण दोन पथ्ये पाळावी लागतात. नळी बेअरिंगच्या तोंडावर रोखू नये, आणि मोटरचा पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो हवेने भलत्या वेगाने फिरतो. टाकीत साठलेले पाणीही नळीतून येते, म्हणून आधी दोन सेकंद हवा बाजूला सोडावी. डोळ्यांवर चष्मा हवा.

एवढ्याने गाडी स्वच्छ होत असेल तर पाणी वापरूच नये. वापरावेच लागले तर १ लिटर पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचा द्रव साबण, फवारणीची बाटली आणि मऊ ब्रश, इतकेच. दुचाकी धुण्याच्या केंद्रावरचा प्रेशरचा पाइप या गाड्यांचा काळ आहे. बेअरिंगचे रबरी सील धूळ अडवते, दाबाचे पाणी अडवत नाही. पाणी साबण आणि माती घेऊन आत जाते, ग्रीस धुवून काढते आणि माती तिथेच सोडते. बाहेरून गाडी चकाचक दिसते.

धुतल्यावर हवा मारून पंख्याखाली किमान दोन तास ठेवावी, कडक उन्हात नाही. मग बॅटरी जोडून, चाके अधांतरी ठेवून, अर्धा मिनिट अगदी हळू फिरवावी म्हणजे मोटरमधले पाणी फेकले जाते. त्यानंतर रिसीव्हरच्या पेटीचे झाकण उघडून पाहावे. आत दव दिसले तर झाकण रात्रभर उघडे ठेवावे आणि बंद करताना सीलचे रबर दुमडले नाही ना, ते तपासावे. तारा पेटीत जिथून शिरतात तिथले ग्रीस सुकले की पाणी नेमके तिथूनच येते.

आता बेअरिंग्ज. बरीच दुरुस्ती इथे वाचते, म्हणून थोडे सविस्तर. १/१० गाडीच्या चाकाचा नट बहुधा ४ मि.मी. आट्यांचा असतो आणि त्याला ७ मि.मी.चा पाना लागतो. चाक काढल्यावर १२ मि.मी.चा षटकोनी हब निघतो आणि त्यामागे धुऱ्यातून आडवी गेलेली छोटी पिन असते. ही पिन निसटून हरवते आणि मग गाडीचे ते चाक फिरतच नाही, म्हणून खाली ताट ठेवावे. बेअरिंग बोटावर घालून फिरवावे. किती वेळ फिरते हे बघायचे नाही. ग्रीस भरलेले नवे बेअरिंगही लवकर थांबते. बोटाला खरखर लागते का, कुठे अडकते का, एवढेच बघायचे.

खरखर असेल तर रबरी सील आतल्या कडेकडून सुईने हलके उचलून बाजूला ठेवावे. द्रावकात टाकले तर ते फुगते. बेअरिंग काचेच्या छोट्या बाटलीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटे हलवावे, द्रावक गढूळ झाले की बदलून पुन्हा हलवावे. पूर्ण सुकल्यावर पुढचा निर्णय गाडी कुठे चालते त्यावर. कोरड्या मैदानासाठी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. चिखल-पाण्यासाठी एक तृतीयांश जागा भरेल इतके पाण्याला टिकणारे ग्रीस. गच्च भरले तर ते सील बाहेर ढकलते. मोटरच्या बेअरिंगला मात्र ग्रीस नको, पातळ तेलाचा एकच थेंब, कारण तिथला वेग फार जास्त असतो. बेअरिंग हबमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यावा. आतल्या कड्यावर दाबले की गोळ्यांचे खळगे उमटतात आणि नवे बेअरिंगही खरखरू लागते.

सफाईनंतरही खरखर राहिली तर बेअरिंग बदलावे. अनेक गाड्यांतले ५×११×४ मि.मी.चे बेअरिंग म्हणजे बाजारातले एमआर११५. बेअरिंगच्या दुकानात हा क्रमांक सांगितला की कळते. पुढे ‘टूआरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याची झाकणे. आपल्याकडच्या धुळीला आणि चिखलाला टूआरएसच घ्यावे.

घरात हाताला लागेल ते तेल घालण्याची सवय मोडायला हवी. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजते आणि हवेत राहून चिकट होते. हिवाळ्यात अशी गाडी सकाळी हलत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकवायला चांगले आहे, पण ते जुने ग्रीसही विरघळवते. फवारल्यावर पुसून पुन्हा वंगण दिले नाही तर बेअरिंग आधीपेक्षा कोरडे राहते.

उघड्या पिनिअन आणि स्पर गिअरला काहीच लावू नये. तेलात वाळू मिसळली की तिची घासपेस्ट होते. ग्रीस किंवा सिलिकॉन ऑइल फक्त बंद डिफरन्शिअलमध्ये (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीत). उघडल्यावर आतले ग्रीस दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पुसून नवे भरावे, वरून भर घालून भागत नाही. मोटर सैल केली असेल तर परत बसवताना दोन गिअरांमध्ये कागदाची पट्टी घालावी, मोटर दाबून स्क्रू आवळावा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत, ती फाटता कामा नये. फाटली तर गिअर घट्ट आहेत आणि मोटर तापेल. घड्या पुसट असतील तर दात झिजतील. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तो कधीही लावू नये, प्लास्टिक तडकते. प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवावा, ‘टक’ झाले की जुन्या आट्या सापडल्या. मग सरळ फिरवावा.

शॉकअपचा दांडा कोरड्या मऊ कापडाने पुसावा आणि कोरडाच ठेवावा. त्यावर तेल लावले की धूळ चिकटते, ती आतल्या रबरी ओ-रिंगला ओरखडते आणि शॉकअप गळू लागतो. दाबल्यावर आत पचपच आवाज आला तर तेल कमी होऊन हवा शिरली आहे. त्यात इंजिन ऑइल घालू नये, सिलिकॉन शॉक ऑइलच हवे.

टायरमध्ये स्पंज असतो ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रिमच्या भोकांतून पाणी आत जाते, स्पंज ते धरून ठेवतो आणि ते चाक जड होऊन गाडी वेगात थरथरते. चारही चाके स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून ठेवावीत, भिजलेले लगेच कळते. ते पिळून, झटकून, भोक खाली येईल असे दोन दिवस टांगावे.

बॉडी पॉलिकार्बोनेटची असते आणि तिचा रंग आतून दिलेला असतो. साबणाच्या पाण्याने निर्धास्त धुवावी. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावले तर ती पांढरी पडून तडकते.

राहिली बॅटरी. आठवड्याहून जास्त काळ गाडी चालणार नसेल तर लिपो दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी, म्हणजे दोन सेलची ७.६ व्होल्टवर, चार्जरवर यासाठी ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी पडून खराब होते, रिकामी त्याहून लवकर. ५००० एमएएच क्षमतेची बॅटरी ५ अँपिअरवर चार्ज करावी, फरशीवर किंवा लोखंडी डब्यात, कुणीतरी समोर असताना. गादीवर नाही आणि रात्रभर तर नाहीच. मैदानावरून आलेली गरम बॅटरी थंड होईपर्यंत चार्जरला लावू नये. फुगलेली, चेपलेली किंवा ओरखडा पडून आवरण फाटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, भोसकून पाहू नये. रिमोटमधले सेलही काढून ठेवावेत; पावसाळ्यात ते पाझरले की पट्ट्या गंजतात.

अशा बाद बॅटऱ्यांसाठी एक मागणी या पत्रातून करायची आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घरोघरी मात्र फुगलेली लिपो सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाते. कचरागाडीत ती दाबली गेली की आग लागू शकते, आणि ती आग कचरा वेचणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसांच्या अंगावर येते. रिमोटच्या गाड्या विकणाऱ्या दुकानांनी दाराशी वाळू घातलेली एक लोखंडी बादली ठेवून बाद लिपो परत घ्याव्यात. प्लगच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती आणून द्यावी, एवढी सूचना गाडीच्या खोक्यात मराठीत घातली तरी पुरे.

आपले,
रिमोट गाड्यांची देखभाल-दुरुस्ती करणारे काही छंदप्रेमी, पुणे