माळ्यावरच्या ट्रंकेविषयी

डेट्रॉईट, मिशिगन
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर दादा सहज बोलून गेला की दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळाही रिकामा करायचा आहे आणि आजोबांच्या काळ्या ट्रंकेतले मोटारींचे कागद वहिनींनी रद्दीवाल्यासाठी वेगळे काढून ठेवले आहेत. मी काही बोलणार तोच फोन तुटला आणि नंतर तुमच्याकडे रात्र झाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. टपालाने पत्र पोहोचेपर्यंत दिवाळी उलटून जाईल, तेव्हा पानांचे फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवतो. त्याने तुम्हाला वाचून दाखवावे. ते कागद कृपा करून रद्दीत देऊ नका, एवढेच माझे मागणे आहे. मात्र नुसते मागणे पुरेसे होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही इथे आला होतात तेव्हा तळघरातली जुन्या मोटारींच्या माहितीपत्रकांनी भरलेली माझी कपाटे पाहून "आपल्याकडे हे किलोवर जाते" एवढेच म्हणाला होतात आणि मी हसून वेळ मारून नेली होती. हे कागद मी का जमवतो, याचे उत्तर माझ्याकडून अजून येणे आहे.

आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर सुटाचे कापड घ्यायला गेलो की दुकानदार एक जाडजूड सॅम्पल बुक पुढे सरकवत असे आणि त्यात प्रत्येक कापडाचा नागमोडी कडांचा तुकडा चिकटवलेला असे, ते आठवून पाहा. मोटारीच्या एजन्सीत विक्रेत्याच्या टेबलावर असणारा आल्बम म्हणजे त्याच जातीची वस्तू. गिऱ्हाइकाला घरी न्यायला द्यायचे माहितीपत्रक वेगळे. ते ढिगाने छापले जाई आणि रस्त्यावरून आत डोकावलेल्या शाळकरी पोरालाही मिळे. विक्रेत्याच्या खिशात आणखी एक छोटे पुस्तक असे, त्यात गाडीची सगळी मापे असत आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीपेक्षा आपली कुठे सरस आहे ते लिहिलेले असे. ते गिऱ्हाइकाच्या हाती पडू द्यायचे नसे. आल्बम मात्र एजन्सीला एखाददुसराच मिळे. छापील रंगावर विसंबून कोणी गाडी घेऊ नये, विशेषतः मेटॅलिक रंगाची चमक छपाईत उतरतच नाही, म्हणून त्यात खरा रंग फवारलेले तुकडे लावलेले असत आणि शेजारी त्या रंगाशी जाणारे बैठकीचे खरे कापड. नवे मॉडेल आले की नवा आल्बम येई आणि जुना केरात जाई. ज्या वस्तूचे काम वर्षभराचेच होते, ती जपून ठेवण्याचे कोणाला काही कारणच नव्हते.

सुरुवातीला या वस्तूची गरजही नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या आसपास तयार झाल्या आणि त्यातली १९१४ ते १९२५ ही वर्षे त्या फक्त काळ्या रंगात मिळत. विक्रेत्याने उघडून दाखवायचे तरी काय? त्या काळचे व्हार्निशचे रंग थरावर थर देऊन वाळायला काही आठवडे लागत. मग ड्यू पाँट कंपनीने ड्यूको नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले. ते फवाऱ्याने मारता येई, काही तासांत वाळे आणि हव्या त्या छटेत मिळे. जनरल मोटर्सने ते प्रथम आपल्या ओकलंड नावाच्या १९२४ च्या गाड्यांना दिले. तुम्ही उद्यमनगरात फाउंड्रीत उभा जन्म काढलात, त्यामुळे वाळण्याचा वेळ घटला की कारखान्याचे सगळे गणित कसे फिरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली आर्ट अँड कलर असा स्वतंत्र विभागच काढला, गाडीचे रूप दरवर्षी पालटू लागले आणि रंग निवडणे हे गिऱ्हाइकाचे काम होऊन बसले. आल्बमला खरे काम मिळाले ते तिथून पुढे.

लहानपणी तुम्ही आम्हाला खांद्यावर बसवून दसरा चौकात सोने लुटायला नेत होतात, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींची भगवी मेबॅक ही जर्मन मोटार समोरून जाताना मला दिसत असे. तो रंग कोणत्याही एजन्सीच्या आल्बममध्ये नव्हता. मेबॅक कंपनीचे काम मुख्यतः इंजिन आणि चॅसिसचे. वरची बॉडी दुसरीकडे, घेणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बांधली जाई. राजाला आल्बम लागत नाही. तो लागतो आयुष्यात एकदाच गाडी घेणाऱ्याला, हिरवी घ्यावी की निळी यावरून घरात चार दिवस वाद घालणाऱ्याला, आणि मला त्याच माणसाचे कागद गोळा करायला आवडतात.

याच आठवड्यात मी हर्षीला जाऊन आलो. पेनसिल्व्हेनियातले हे चॉकलेटचे गाव आहे आणि १९५५ पासून तिथे दर ऑक्टोबरला जुन्या मोटारींचा मेळावा भरतो. इथून मोटारीने जायला आठ-नऊ तास लागतात. लोक गाड्या पाहायला जातात आणि माझ्यासारखे काही जण गाड्यांकडे पाठ करून खोक्यांत हात घालून बसतात. या खेपेला मला १९५५ च्या शेव्हरोलेचा आल्बम मिळाला. किंमत लिहीत नाही, कारण हे पत्र आईसमोर वाचले जाणार आहे. त्यात एका पिवळसर पांढऱ्या तुकड्याखाली रंगाचे नाव आहे 'इंडिया आयव्हरी'. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ पासून चालवलेला जोडणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला आणि पुढच्याच वर्षी इथले लोक भारताच्या नावाचा रंग निवडत होते, याची मला फार गंमत वाटली. त्याच आल्बमच्या शेवटच्या पानावरचा कापडाचा एक तुकडा मात्र कोणीतरी ब्लेडने कापून नेला आहे. गाडीची बैठक दुरुस्त करणाऱ्याने नमुना म्हणून नेला असणार. एक गाडी पुरी करण्यासाठी त्याने सगळ्या गाड्यांचा पुरावा अर्धा केला, असे मी तरी म्हणेन.

पुरावा हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. सत्तर वर्षांत गाडीला तीन-चार वेळा रंग लागतो, कापड बदलते, मालक बदलतो आणि प्रत्येक मालक शपथेवर सांगतो की ही गाडी मुळापासून अशीच आहे. मिटून ठेवलेल्या आल्बमला ऊन लागलेले नसते. नायट्रोसेल्युलोज अंधारातही थोडे पिवळे पडते, त्यामुळे आल्बमचा शब्द अगदी अखेरचा मानता येत नाही, तरीही मालकाच्या आठवणीपेक्षा मी त्या तुकड्यावर अधिक विश्वास ठेवतो. या कागदांसाठी इथे वाचनालयेसुद्धा आहेत. डेट्रॉईटच्या सार्वजनिक ग्रंथालयात मोटारींच्या इतिहासाचा स्वतंत्र संग्रह आहे.

फसवणूकही होते. पहिल्या वर्षी मी १९३४ च्या पॅकार्ड मोटारीचे माहितीपत्रक समजून एक सुंदर पुस्तिका घेतली होती आणि महिनाभर मित्रमंडळींना दाखवत हिंडलो होतो. एका जाणत्या संग्राहकाने त्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला, तर कागद निळाशार चमकला. आई, तू पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालत होतीस ना, त्याच जातीचे द्रव्य कागदात पडू लागले ते १९५० च्या सुमारास. १९३४ च्या कागदाला चमकायचे काही कारण नव्हते. तेव्हापासून भिंग आणि दिवा घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. खऱ्या छपाईतले ठिपके भिंगाखाली नीट मांडलेले दिसतात. छापलेल्या पानाचा फोटो काढून पुन्हा छापले की ठिपक्यांवर ठिपके बसतात आणि चित्रावर लाटा उमटतात.

कागदच खोटे बोलतो, असे दादा म्हणेल, आणि तेही काही अंशी खरे आहे. १९५९ पासून पाँटियाक मोटारींच्या जाहिरातींची चित्रे आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी काढत असे. पहिला गाडी रंगवी, दुसरा माणसे आणि मागचा देखावा. आपल्याकडे चित्रपटाच्या बॅनरवर नायकाची छाती रुंद होई, तशी त्यांच्या चित्रांत गाडी प्रत्यक्षापेक्षा रुंद होई. बाबूराव पेंटरांच्या गावच्या माणसाला त्यात वावगे काही वाटू नये.

आता आपल्या ट्रंकेकडे येतो. अमेरिकेतले माहितीपत्रक इथे शोधले तर सापडते, पण भारतातल्या एजन्सीचा कागद मला इतक्या वर्षांत फार थोडा मिळाला आहे, आणि त्याचे कारण तुम्हीच अधिक जाणता. ज्या देशात फिएट किंवा अँबॅसडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, तिथे कंपनीने गिऱ्हाइकाचे मन वळवण्यासाठी गुळगुळीत कागदावर खर्च कशाला करावा? म्हणून त्याआधीच्या काळातले कागद मोलाचे: वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडत होती, हिंदुस्थान मोटर्स मॉरिस या इंग्रजी गाडीच्या घाटाची गाडी काढत होती, आणि आजोबा शाहूपुरीतल्या एजन्सीत खतावणी लिहीत होते, तो काळ. माझ्या आठवणीप्रमाणे काही पत्रकांच्या पाठीवर एजन्सीचा जांभळा रबरी शिक्का आहे आणि आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने रुपयांचे आकडे आहेत. शिक्का आणि लिखाण म्हणजे डाग, असे इथले बरेच संग्राहक मानतात. मला कोरी प्रत आणि आजोबांच्या आकड्यांची प्रत यांतली एकच घे असे कोणी म्हटले, तर मी क्षणभरही थांबणार नाही.

तेव्हा वहिनींना माझ्या वतीने सांगावे की कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्यावेत. ते लॅमिनेट करू नयेत आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत, पान त्यांच्याबरोबर फाटते. पाने एकमेकांना चिकटली असतील तर उलगडू नयेत. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो, तो ओला होऊन वाळला की पानांची वीट होते. २०१९ च्या पुरात शेजारच्या काकूंच्या दाखल्यांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे, आणि ट्रंक माळ्यावर होती म्हणूनच ती वाचली. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून जुन्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ट्रंक दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवावी. खाली मुळीच नको. कसर किंवा वाळवी दिसली तर औषध न फवारता दादाने मला फक्त फोटो पाठवावा. कागद पोस्टाने धाडू नयेत. फेब्रुवारीत मी येणार आहे, तेव्हा तुमच्या शेजारी बसून एकेक पान पाहीन.

अण्णा, एक गोष्ट मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबवत नाही. आजोबांचा एजन्सीच्या दारातला जो फोटो देवघराबाहेर लावला आहे, त्यात ते एका शेव्हरोलेला टेकून उभे आहेत. तिच्या पुढच्या जाळीवर पाच दात आहेत आणि घाट १९५३ च्या आधीचा आहे, म्हणजे गाडी १९५२ ची. १९५३ च्या गाडीला तीनच आहेत. त्या वर्षाचा अमेरिकी आल्बम माझ्यासमोर उघडा आहे, पण फोटो काळापांढरा, आणि शिवडीला जोडलेल्या गाड्यांचे रंग दाखवणारा आल्बम आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. फोटोच्या कोपऱ्यात चड्डी सावरत उभा असलेला मुलगा तुम्ही आहात, असे आजी सांगायची. ती गाडी कोणत्या रंगाची होती, ते आठवत असेल तर दादाकरवी कळवावे.

आईच्या गुडघ्याचे कसे आहे तेही कळवावे. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला,
धाकटा