आधार कार्ड पुरत नाही काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मणिपूरच्या छावण्यांवरचा कालचा अग्रलेख वाचला. तिथल्या हिंसाचारात ६० हजारांच्या घरात माणसे बेघर झाली, त्याबद्दल तुम्ही हळहळलात, ते योग्यच. पण 'पुणे मात्र सर्वांना सामावून घेते' हे शेवटचे वाक्य कुणी लिहिले? त्यांना वानवडीत पाठवा.

तिथला माझा फ्लॅट बघायला मणिपूरच्या कुकी जमातीतले एक बहीणभाऊ आले होते. मुलगी एका रुग्णालयात नर्स. इंफाळचे घर मे २०२३ मध्ये जळले, आईवडील चुराचांदपूरला छावणीत. आधार कार्ड, पोलीस पडताळणीची कागदपत्रे, सगळे फायलीत लावून आणलेले. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "पासपोर्ट आहे का?" मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, इंडियन आहोत." मग स्वयंपाकाच्या वासाचा मुद्दा निघाला. सेक्रेटरींच्या घरची रविवारची सुकट तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, ती बहुधा अत्तरात भाजत असावेत.

शेवटचा हुकमी एक्का असा, की तिकडे जायला आपल्याला परमिट (इनर लाइन परमिट) लागते, मग यांना इथे का नको? अहो, तो कायदा १८७३ चा, इंग्रजांचा. मणिपूरला तो २०२० पासून लागू झाला. या पोरीने नाही केला! आणि भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला फक्त कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. भाडेकरू असला की सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क मात्र न चुकता माझ्याकडून वसूल होते.

ऑगस्ट २०१२ चा तर तुम्हाला विसरच पडलेला दिसतो. जुलैत आसामात कोकराझार दंगलीत पेटले आणि मग ईशान्येकडच्यांवर हल्ले होणार, अशा अफवा इथे मोबाइलवर फिरल्या. कोंढव्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली, पुणे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या याच फ्लॅटमधली तीन मुले सायकली वॉचमनच्या हवाली करून हावड्याच्या गाडीला गेली. सोसायटीने फलकावर लावले, 'ईशान्येच्या बांधवांनो, घाबरू नका.' आणि त्याच बैठकीत मला विचारले, "आता जागा रिकामी झालीच आहे, तर फॅमिलीच बघाल ना?" पुढे अफवा रोखायला सरकारने एसएमएसवर दिवसाला पाचची मर्यादा घातली. सेक्रेटरींच्या तोंडावर कोण घालणार?

ती कुकी भावंडे आता मांजरी भागात एका खोलीत आहेत. भाडे माझ्यापेक्षा जास्त, पाणी टँकरचे. माझा फ्लॅट रिकामाच आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय घेणार आहे. तुमचा वार्ताहर आला तर चहा माझ्याकडून.

ता. क. : पीएमपीच्या थांब्याबद्दलचे माझे मागचे पत्र तुम्ही निम्मे कापून छापलेत. थांब्याला अजून छप्पर नाही.

– एक जुनी वाचक, सहकारनगर, पुणे