दोन-तीन अक्षरी उत्तरांसाठी सुभेदार साहेबांचे जाहीर आभार

आदरणीय सुभेदार साहेब,

सा. न. वि. वि.

इंग्रजी शब्दकोड्यातील संक्षेपांकडे कसे पाहावे, हे आपण मला वाचनालयात शेजारी बसवून शिकवले, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर अशासाठी, की लांबलचक शब्द हौसेने सोडवणारे पुष्कळ जण या दोन-तीन चौकटी अंदाजाने भरतात, आणि आपली रीत त्यांच्याही उपयोगी पडावी असे मला मनापासून वाटते.

उत्तर संक्षिप्त असेल, तर प्रामाणिक कोडेकार क्लूमध्ये तशी खूण ठेवतोच, असे आपण प्रथम सांगितलेत. अमेरिकी धाटणीच्या कोड्यात शेवटी ‘अ‍ॅब्र.’ (अ‍ॅब्रिव्हिएशन, म्हणजे संक्षेप) लिहिलेले असते, नाहीतर क्लूमधलाच एखादा शब्द तोडलेला असतो, जसे ‘डिरेक्शन’ऐवजी नुसते ‘डिर.’. दिशांच्या उत्तरांबद्दल आपण दाखवलेली गोष्ट तर मला फारच मोलाची वाटते. होकायंत्राच्या सोळा दिशांपैकी तीन अक्षरी आठच आहेत, आणि त्या आठही दिशांत मधले अक्षर एन किंवा एस, तर शेवटचे ई किंवा डब्ल्यू असते. म्हणजे नकाशा ढोबळपणे आठवत असला, तरी शेवटच्या दोन चौकटी लगेच भरता येतात आणि पहिलीपुरती आडव्या-उभ्या शब्दांची वाट पाहावी लागते. मुंबईहून पुणे कोणत्या दिशेला, असे विचारून आपण माझ्याकडून ‘ईएसई’ (ईस्ट-साउथ-ईस्ट) काढून घेतलेत.

ब्रिटनमध्ये 1920 च्या दशकात घडलेल्या गूढ (क्रिप्टिक) कोड्यांत, जिथे क्लूमधल्या शब्दांचे तुकडे जोडून उत्तर जुळवायचे असते, मात्र संक्षेप हे बहुधा पूर्ण उत्तर नसून उत्तराचा एक तुकडा असतो, आणि तिथे आपली सैन्यातली नोकरी मला लाभली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे ‘सॅपर्स’ हा शब्द पुण्यात कोणाला परका नाही. परंतु कोड्यात त्याचा अर्थ ब्रिटिश सैन्यातील रॉयल इंजिनिअर्स, म्हणून आरई, आणि त्यापुढे बंदर या अर्थाचे ‘पोर्ट’ जोडले की ‘रिपोर्ट’ तयार होतो, हे आपण किती शांतपणे उलगडून दाखवलेत! साधे शिपाई म्हणजे ‘अदर रँक्स’, म्हणून ओआर. ‘गनर्स’ म्हणजे रॉयल आर्टिलरी, म्हणून आरए. आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीचा सदस्य असलेला चित्रकारही आरएच.

तरीही संक्षेपांची यादी पाठ करू नकोस, असे आपण बजावत राहिलात. डॉक्टरसाठी डीआर, जीपी, एमओ, एमबी यांपैकी काहीही येऊ शकते. सीओ म्हणजे कधी कंपनी, कधी कमांडिंग ऑफिसर. छेदणारे एक तरी अक्षर हाती आल्याशिवाय पेन टेकवायचे नाही, हा आपला नियम मी आजही पाळतो, आणि भरलेल्या प्रत्येक अक्षराचे कारण मला सांगता येते, याचे समाधान फार मोठे आहे.

विचारलेला प्रश्न कितीही लहान असला, तरी आपण स्वतःचे वर्तमानपत्र बाजूला ठेवून उत्तर दिलेत. त्या वेळेबद्दल आणि त्या धीराबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
वाचनालयातील एक वाचक, पुणे