ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

लेकीच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले. डॉक्टरांचे आभार समोर बसून मानले. उरलेल्यांचे इथे मानते.

सीबीसीटी स्कॅनच्या, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेच्या वेळी, "बाळा, हलू नकोस, दात जुळलेले ठेव," असं तिसऱ्यांदाही तितक्याच मायेनं सांगणाऱ्या ताई. ओठाला संवेदना देणारी नस हाडातून कुठून जाते, ते संगणकावर रंगवून, लेकीचा जबडा आधी पडद्यावर कापून पाहणारं कुणीतरी. आणि थ्रीडी प्रिंटरवर स्प्लिंट घडवणारे तंत्रज्ञ. कापून मोकळा झालेला जबडा नेमका कुठे बसवायचा, हे दातांमध्ये धरलेल्या त्या चिमुकल्या तुकड्यानं दाखवलं. पूर्वी ही आखणी प्लास्टरचे साचे करवतीनं कापून व्हायची.

काल तिनं पुढच्या दातांनी पेरू तोडला. आयुष्यात पहिल्यांदा. मनापासून आभार!